सहलीची बस आणि खिशातला वाटाड्या

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलींचे वेध लागतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या शाळांची सहल दोन टप्प्यांची असते. आधी मुंबईतून बाहेर पडायचे आणि मग सहलीला जायचे. पहिल्या टप्प्यात दोन तास गेले की दुसऱ्यातले एखादे ठिकाण हमखास गळते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या गाठीशी असेल. त्यामुळे सहलप्रमुखाच्या हातात हल्ली यादी, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी यांच्या जोडीला भ्रमणध्वनी असतो आणि त्यात रस्ता दाखवणारा नकाशा असतो. 'यांपैकी कोणता नकाशा चांगला?' असा प्रश्न शिक्षक वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखात या साधनांचे मूल्यमापन करायचे आहे, पण ते मोटारीतल्या चौघांच्या दृष्टीने नाही. पन्नास मुले घेऊन निघालेल्या बारा मीटर लांबीच्या बसच्या दृष्टीने करायचे आहे.

हा फरक बारीकसारीक नाही. युरोप-अमेरिकेत चाकांवरचे घर घेऊन हिंडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा गाडीला तिथे मोटरहोम म्हणतात. तिची उंची तीन-साडेतीन मीटर असते, आणि मोटारीसाठी केलेल्या नकाशाने तिला कमी उंचीच्या पुलाखाली नेऊन अडकवल्याची उदाहरणे तिकडे असंख्य आहेत. अमेरिकेतील डरहॅम गावी एक रेल्वेपूल होता. त्याखाली ११ फूट ८ इंच एवढीच मोकळी जागा होती. कित्येक मालगाड्यांची आणि मोटरहोमची छपरे त्याने डबा सोलावा तशी सोलून काढली. अखेर २०१९ मध्ये रेल्वेने तो आठ इंचांनी उचलला, पण गाड्या आपटणे काही पूर्ण थांबले नाही. म्हणून तिकडे गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन आधी विचारून मग रस्ता सांगणारी खास उपकरणे मिळतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडेही अगदी परका राहिलेला नाही. मात्र आपल्याकडचे खरे मोटरहोम म्हणजे सहलीची बस. तिच्यात चूल नसली तरी डब्यांचा वास असतोच.

तीन वेगळी कामे

'जीपीएसने चुकीचा रस्ता दाखवला' असे आपण सहज म्हणतो. या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. आपण कुठे आहोत हे ठरवणे हे पहिले काम. त्या जागेभोवती कोणते रस्ते आहेत हे माहीत असणे हे दुसरे. त्या रस्त्यांतून एक निवडणे हे तिसरे. जीपीएस यांपैकी फक्त पहिले काम करते, आणि ते बऱ्यापैकी चोख करते. चूक होते ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या कामात. समीक्षा करताना शिव्या योग्य पत्त्यावर पोचाव्यात, म्हणून हा भेद आधी समजून घेतला पाहिजे.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. मूळ योजना २४ उपग्रहांची होती आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत' एवढेच सतत सांगत असतो. हा संदेश आपल्यापर्यंत यायला साधारण ०.०६७ सेकंद लागतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते. उपग्रहात म्हणूनच अणुघड्याळे बसवलेली असतात. आपल्या खिशातल्या यंत्रात तसे घड्याळ परवडणारे नाही, म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन अज्ञातांबरोबर 'माझे घड्याळ किती चुकते' हे चौथे अज्ञात धरावे लागते, आणि चार उपग्रह लागतात. चार अज्ञातांना चार समीकरणे हे नववी-दहावीच्या वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या भ्रमणध्वनीची चूक पाचेक मीटरांची असते. मे २००० पूर्वी नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका मुद्दाम बिघाड मिसळत असे. तेव्हा ही चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. आता भारताचे स्वतःचे नाविकही आहे. त्याचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला आणि सात उपग्रहांची मूळ मालिका २०१६ मध्ये पूर्ण झाली. पुढे त्यांपैकी अनेकांची परदेशी बनावटीची अणुघड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच भारतीय बनावटीचे अणुघड्याळ बसवण्यात आले. आपल्या फोनमधली चकती आज अनेक देशांचे उपग्रह एकाच वेळी ऐकते, त्यामुळे 'जीपीएसचा की नाविकचा?' असा वाद सहलीच्या नियोजनात घालण्याचे कारण नाही.

शिक्षकांत आढळणारा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. घाटात 'रेंज गेली' म्हणजे जीपीएस बंद पडले असे नव्हे. फोन उपग्रहांशी बोलत नाही, तो त्यांचे फक्त ऐकतो. रेंज गेल्यावर बंद पडतो तो नकाशा, कारण तो आंतरजालावरून तुकड्यातुकड्याने येत असतो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला असेल, तर निळा ठिपका घाटातही इमानेइतबारे चालत राहतो.

उपनगरांत मात्र या ठिपक्याची एक खोड दिसते. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर डोक्यावरून घाटकोपरला जाणारी मेट्रो आहे, दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. उपग्रहाचा संदेश सरळ न येता भिंतीवर आपटून येतो, वाटेत अधिक वेळ घेतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. उड्डाणपुलाची अडचण आणखी वेगळी आहे. जीपीएसला उंची ही नेहमीच आडव्या अंतरापेक्षा कमी अचूकतेने कळते, कारण सगळे उपग्रह डोक्यावरच्या अर्ध्या आकाशातच असतात, पायाखाली एकही नसतो. पूल आणि त्याखालचा रस्ता यांत सहा-आठ मीटरांचेच अंतर असते. म्हणजे आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे यंत्राला बहुधा कळतच नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावर एकामागून एक पूल आहेत. तिथे 'पुढे डावीकडे वळा' ही सूचना चालकाने ऐकली, आणि तो पुलावर चढलेला असला, की वळण खाली राहते आणि मुले टाळ्या वाजवतात. मोटार पुढच्या चौकातून परत फिरते, बसला तशी जागा मिळेपर्यंत दोन-तीन किलोमीटर जावे लागते. जुलै २०२४ मध्ये गूगलने भारतातल्या चाळीस शहरांसाठी 'उड्डाणपूल घ्या' असे आधीच सांगण्याची सोय जाहीर केली. सुधारणा चांगली आहे, पण ती सूचनेतली आहे, ठिपक्यातली नाही.

नकाशाला काय माहीत असते?

आता दुसरे काम, नकाशाचे. अंधेरीच्या गोखले पुलाचे उदाहरण घेऊ. पूर्व-पश्चिम अंधेरीला जोडणारा हा रेल्वेवरचा पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतुकीला बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी उघडली, आणि मग लोकांच्या लक्षात आले, की हा नवा पूल आणि त्याला मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत दीड-दोन मीटरांची तफावत आहे. वरून पाहणाऱ्याला दोन रस्ते एकमेकांना भिडलेले दिसत होते, पण गाडीला एकावरून दुसऱ्यावर जाता येत नव्हते. बर्फीवाला पूल उचलून ४ जुलै २०२४ रोजी तो जोड खुला झाला आणि संपूर्ण पूल मे २०२५ मध्ये सुरू झाला. या अडीच वर्षांत एकाच जागेची चार वेगवेगळी उत्तरे बरोबर होती. नकाशा चांगला की वाईट हे त्याच्या रंगावरून ठरत नाही. अशा बदलाची खबर त्याला किती दिवसांत लागते, यावरून ते ठरते.

दुसरी गोष्ट सबवेची. उपनगरांत रेल्वेखालून जाणारे अंधेरी, मिलन, खार, मालाड, दहिसर असे सबवे आहेत. जोराच्या पावसात त्यांतले कित्येक तुंबतात. २०१९ च्या जुलैत, एक आणि दोन तारखेच्या मधल्या रात्री, मालाड सबवेत साचलेल्या पाण्यात मोटार अडकून दोघांचा मृत्यू झाला. नकाशातली रेघ उन्हाळ्यात जशी असते तशीच ती पावसाळ्यातही दिसते. शिवाय सबवेच्या तोंडाशी उंची लिहिलेली पाटी किंवा लोखंडी आडवी कमान असते. मोटार तिच्याकडे पाहतही नाही. बसला मात्र तोच प्रश्न निर्णायक असतो, आणि बहुतेक लोकप्रिय नकाशे तो विचारतच नाहीत.

वळणाचेही तसेच आहे. बस वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून वाट काढतात. हे पायथागोरसने मोजता येते. पुढची चाके १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असतील आणि पुढच्या-मागच्या आसांत ६ मीटर अंतर असेल, तर मागच्या चाकांची त्रिज्या १०० वजा ३६ चे वर्गमूळ, म्हणजे ८ मीटर. मागची चाके पूर्ण दोन मीटर आत येतात. अडीच मीटर आसांतराच्या मोटारीसाठी हेच गणित केले तर उत्तर जेमतेम ३२ सेंटिमीटर येते. जवळची वाट म्हणून नकाशा ज्या गल्लीतून नेतो, तिच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या केळीवाल्याच्या गाडीचे भवितव्य या दोन आकड्यांच्या फरकात असते.

रस्ता निवडतो कोण?

तिसरे काम निवडीचे. त्याचा पाया डच गणिती डायक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधलेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत आहे. प्रत्येक चौक म्हणजे एक बिंदू, प्रत्येक रस्ता म्हणजे दोन बिंदूंमधली रेघ आणि प्रत्येक रेघेला एक भार. एकूण भार कमीत कमी होईल अशी वाट ही रीत अचूक शोधते. आजच्या प्रणालींत तिच्यावर पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत, पण कल्पना तीच आहे. इथे लक्षात घ्यायचे ते असे, की रीत अचूक असली तरी भार कोणीतरी ठरवलेला असतो. भार म्हणजे 'मोटारीला लागणारी मिनिटे' असे ठरवले, तर उत्तर मोटारीचे येईल. उंची, वजन, रात्रीचा काळोख, रस्त्यावर पाणी असणे या गोष्टी भारात नसतील, तर त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाहीत.

याची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि तेही सहलीला निघालेल्या लोकांचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून तिघे जण कळसूबाईला जायला मोटारीने निघाले. रात्री, नकाशाने दाखवलेल्या जवळच्या वाटेने ते कोतूळहून अकोल्याकडे निघाले. त्या वाटेवरचा पूल पिंपळगाव खांड धरणाचे पाणी चढले की काही महिने बुडालेला असतो. गावकऱ्यांना हे ठाऊक असते, नकाशाला नव्हते. मोटार सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट वाहून गेलेल्या पुलावरून मोटार कोसळून तिघे गेले, तेव्हाही नकाशाचीच चर्चा झाली. अशा वेळी 'यंत्रावर विश्वास ठेवलाच कशाला?' असे म्हणणे सोपे असते. पण यंत्राने 'हा रस्ता मला नीट माहीत नाही' असे कधी म्हटलेले आपण ऐकले आहे का? माहितीतली उणीव आणि माहितीतली खात्री ही दोन्ही ते एकाच गोड आवाजात सांगते. या सर्व साधनांवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. परीक्षेत न आलेल्या प्रश्नाचे उत्तरही ठणकावून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही.

कोणता घ्यावा?

गूगल मॅप्सपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण तो बहुतेकांच्या फोनमध्ये आधीच असतो. रस्त्यावरच्या हजारो फोनांच्या हालचालीवरून रहदारीचा अंदाज बांधण्यात तो सरस आहे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखला गाड्या तुंबल्या आहेत, हे बोरिवलीच्या शाळेच्या दारात समजते, आणि मग ठाण्याला कोणत्या वाटेने जायचे याचा विचार करायला वेळ मिळतो. त्यात सुटण्याची वेळ घालून अंदाज पाहता येतो. शनिवारी पहाटे सहाला आणि आठला निघण्यात किती फरक पडतो, हे मुख्याध्यापकांना दाखवून पटवायला याहून चांगले साधन नाही. नऊ-दहा थांबे एका ओळीत लावता येतात. २०२१ पासून स्थळांची नावे मराठीतूनही बऱ्याच प्रमाणात दिसतात, जरी उच्चार ऐकताना कधीकधी कानावर हात ठेवावासा वाटतो.

पण त्यात बसचे माप घालण्याची सोय नाही. मोटार, दुचाकी, पायी, सार्वजनिक वाहतूक असे पर्याय आहेत, 'माझी गाडी सव्वातीन मीटर उंच आहे' असे सांगायला जागा नाही. तो देतो ती वेळ मोटारीची असते. मोटार मोकळ्या महामार्गावर सरासरी ७५ च्या वेगाने जाईल, तिथे वेगमर्यादक बसवलेली बस ५० ची सरासरी गाठते. १५० किलोमीटरला मोटारीचे दोन तास होतात, बसचे तीन. शिवाय पन्नास मुलांचा एक थांबा वीस-पंचवीस मिनिटांखाली होत नाही, मुख्याध्यापकांनी कितीही घड्याळ दाखवले तरी. टोलचा अंदाजही मोटारीचाच असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दरांत पूर्ण अंतराला मोटारीला ३२० रुपये आणि बसला ९४० रुपये होते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वर्गणी ठरवताना नकाशातला आकडा घेतला, तर फरक कोणाच्या तरी खिशातून जातो आणि तो बहुधा सहलप्रमुखाचा असतो.

मॅपल्स हा मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचा नकाशा. ही कंपनी १९९५ पासून नकाशांच्या कामात आहे आणि २०२१ मध्ये तिने इस्रोशी सहकार्याचा करार केला. गतिरोधक, खड्डे, धोक्याची वळणे यांच्या सूचना, आणि मोठ्या चौकात कोणती मार्गिका धरायची याचे चित्र, या तिच्या जमेच्या बाजू आहेत. मागच्या बाकावर उभ्या असलेल्या मुलांचा विचार केला, तर गतिरोधकाची आगाऊ सूचना ही चैन नव्हे. रहदारीच्या ताज्या अंदाजात मात्र तो गूगलच्या मागे पडतो. कारण उघड आहे. ज्याचे वापरणारे अधिक, त्याला वार्ता देणारेही अधिक. दुसरा वाटाड्या म्हणून हा फोनमध्ये असावाच, असे माझे मत आहे. दोन नकाशे वेगवेगळी वाट दाखवू लागले, की समजावे इथे कोणाला तरी विचारायची वेळ आली आहे.

तिसरा ऑसमअँड. हा ओपनस्ट्रीटमॅप या, २००४ मध्ये सुरू झालेल्या, स्वयंसेवकांनी जगभर तयार केलेल्या मुक्त नकाशावर चालतो. तो पूर्णपणे फोनमध्ये उतरवून घेता येतो, घाटात रेंज नसली तरी रस्ता पुन्हा आखून देतो, आणि मुख्य म्हणजे गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन विचारतो. आपण ज्याची वाट पाहत होतो ते हेच, असे वाटेल. पण तिथे दुसऱ्या कामाचा मुद्दा आडवा येतो. पुलाची उंची नकाशात कोणी नोंदवलेली असेल, तरच प्रणाली ती टाळणार. युरोपात या नोंदी पुष्कळ आहेत, आपल्याकडे विरळ. प्रश्न विचारणारा आहे, पण उत्तरपत्रिका कोरी आहे, असा प्रकार. वापरायलाही तो किचकट आहे. पहिल्यांदा उघडणारा शिक्षक पाच मिनिटांत तो मिटून ठेवील, म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी हाताळावा. मालवाहू गाड्यांसाठी आणि मोटरहोमसाठी परदेशांत विकल्या जाणाऱ्या महागड्या प्रणालींनाही हाच आक्षेप लागू पडतो. सोयी उत्तम आहेत, पण त्यांत भरायला इथल्या कमानींची मापे हवीत. शाळेने त्यांवर पैसे घालवू नयेत.

ही मापे भरण्याचे काम मात्र शाळेला करता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांसंबंधीचे नियम बरेच सैल केले. भारतीय नागरिकाला साध्या सर्वेक्षणासाठी पूर्वीसारखी परवानगी लागत नाही, काही संवेदनशील जागांचे निर्बंध तेवढे पाळावे लागतात. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या प्रभागातल्या सबवेच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवरची उंची टिपून घ्यावी. पाटी नसेल तिथे पदपथावर सुरक्षित उभे राहून, अंतर आणि उन्नत कोन मोजून, त्रिकोणमितीने उंची काढावी. शिक्षकाने ती तपासावी आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नोंदवावी. पाटीवरून घेतली की मोजून काढली, हेही लिहावे. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र यांचा एवढा चांगला संयुक्त प्रकल्प सहसा सापडत नाही, आणि त्याचा उपयोग पुढच्या वर्षीच्या सहलीला होतो.

आता एक प्रत्यक्ष आखणी करून पाहू. विज्ञान सहल म्हणून नारायणगावजवळच्या खोडद इथली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, निवडू. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथे सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. पाहण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. मुलुंडहून दोन वाटा संभवतात. एक ठाणे, कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा अशी. दुसरी द्रुतगती मार्गाने तळेगाव आणि तिथून चाकण, मंचर अशी. पहिली अंतराला कमी, टोलला स्वस्त आणि डोळ्यांना सुखद. दुसरी लांब, महाग, पण रुंद. मोटारीसाठी नकाशा त्या दिवशीच्या रहदारीवरून कौल देईल. बससाठी कौल आपण द्यायचा. माळशेजमध्ये पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा जून ते सप्टेंबर ती वाट यादीतून काढावी. हिवाळ्यात जाताना उजेडी माळशेजने जावे. परतताना अंधार पडणार असेल, तर घाट टाळून दुसऱ्या वाटेने यावे, नकाशा पाऊण तास जास्त दाखवीत असला तरी. चाकणची रहदारी सायंकाळी तुंबते, हे त्यात धरावे.

आखणीच्या आधी बस देणाऱ्याकडून एक गोष्ट मागून घ्यावी, ती म्हणजे गाडीची उंची, टपावरच्या सामानासकट. बहुतेकांना ती सांगता येत नाही. मग टेप घेऊन आपणच मोजावी आणि त्यात तीस सेंटिमीटर मिळवून तो आकडा चालकासमोर चिकटवावा. चालकाशी आदल्या दिवशी अर्धा तास बसून वाट बोलून घ्यावी. सवलतीच्या दरात एसटीची गाडी घेतली असेल, तर त्या भागातला चालक मिळण्याचा संभव अधिक, आणि माळशेजमधले कोणते वळण कसे घ्यायचे हे त्याला विचारणे कोणत्याही प्रणालीपेक्षा बरे. फोन चालकाच्या हातात नको. तो पुढच्या आसनावर बसलेल्या शिक्षकाने सांभाळावा आणि सूचना तोंडी द्यावी.

खोडदला पोचताना फोनबाबत आणखी एक गोष्ट घडते. ही दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या, दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपते. भ्रमणध्वनीचे काही पट्टे याच कक्षेत आहेत, आणि खिशातला फोन तिच्या कानाशी ओरडल्यासारखा असतो, म्हणून तो तिथे बंद ठेवावा लागतो. गंमत अशी, की आपल्याला रस्ता दाखवणारे उपग्रहही खगोलशास्त्रज्ञांना त्रासदायकच आहेत. जीपीएसचा १२२७.६ मेगाहर्ट्झचा संदेश आणि नाविकचाही वापरातला ११७६.४५ मेगाहर्ट्झचा संदेश, दोन्ही या दुर्बिणीच्या पट्ट्यातच पडतात. फोन बंद करता येतो, उपग्रह करता येत नाहीत. ते वरून गेले की निरीक्षणातला तेवढा भाग गाळावा लागतो. मुलांना हे तिथेच, तबकडीखाली उभे राहून सांगावे. आणि फोन बंद करण्यापूर्वी परतीची वाट, थांबे आणि चालकाचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.